न मोडलेल्यांचा रकाना

एक करवत. प्लास्टर कापते, कातडीला नुसत्या गुदगुल्या करते.

एका चाकाचं माप बारा इंच. दुसऱ्याचं सतरा.

"पाय आत घ्या! पाय म्हणजे ब्रेक नव्हे!"

कपाटाच्या दाराची आतली बाजू. पेन्सिलीच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या.

मार्करनं काढलेली मिशी, अजून ओली.

मंगळवार, सकाळी साडेअकरा, खिडकी क्रमांक तीन. दोघांनीही हजर राहणे आवश्यक.

"बाबा, तुम्ही स्वतःला वाळत का घातलंय?"

*

तर हाडांच्या दवाखान्यात, जिन्याखालच्या खोलीत, प्लास्टरमामा सोळा वर्षं लोकांना प्लास्टर घालत आणि काढत आले होते. वय सत्तावन्न. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात एक लेक, ती बोलण्यात बापाच्या वरताण. झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. हात इतका हलका, की ओली पट्टी गुंडाळून होईतो पेशंट दुखणं विसरून घरच्या कागाळ्या सांगायला लागे.

मामांचा प्रश्न ठरलेला असायचा. "स्कूटर की गिअर?"

उत्तर आलं की कपाटाचं दार उघडायचं आणि आतल्या बाजूला एक रेघ मारायची. डावा रकाना स्कूटरचा, उजवा गिअरच्या मोटरसायकलचा. सोळा वर्षांनी मामांचं मत दगडासारखं घट्ट झालं होतं. स्कूटर मनगट मागते, मोटरसायकल नडगी मागते, आणि शहाण्या माणसानं दोघींनाही काही देऊ नये. मामा स्वतः सगळीकडे पायी जात. दुचाकीवर ते जन्मात बसले नव्हते.

अशा माणसाचा जीव जडला कुणावर, तर मोटर ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरीणबाईंवर.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा उजवं मनगट मोडलेलं आणि डाव्या कोपराला हेल्मेट लटकलेलं. मामांनी विचारलंसुद्धा नाही. हेल्मेट बघितलं, खिडकीबाहेर उभी असलेली स्कूटर बघितली, दार उघडलं आणि डाव्या रकान्यात रेघ ओढली. बाई खुदकन हसल्या. मनगट मोडलेलं असताना कुणी असं हसतं? मामांच्या पट्टीचा एक वेढा उलटा गेला, सोळा वर्षांत पहिल्यांदा.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. बाईंचं येणं काही थांबलं नाही. आधी चहाला, मग नुसत्याच. तीन महिन्यांत नोंदणी कार्यालयातली वेळ ठरली, आणि वेळ ठरल्यावर बाईंनी अट घातली.

"मामा, मंगळवारी तुम्ही माझ्या मागे बसून यायचं."

"आधी त्यांना मामा म्हणणं सोडा हो!" लेक स्वयंपाकघरातून ओरडली. "लग्न करताय ना?"

"सवय झालीय गं. तर मागे बसून. तीस वर्षं परकी माणसं माझ्या मागे बसतात. किंचाळतात, माझा दंड काळानिळा करतात, पण बसतात. आणि माझं स्वतःचं माणूस मागून पायी येणार? जमायचं नाही. तुम्ही नाही बसलात तर खिडकी क्रमांक तीनवर मीही नाही."

"अहो, पण कशावर बसू?"

"स्कूटर आहे, मोटरसायकल आहे. जी सुरक्षित वाटेल ती निवडा."

मामांच्या तोंडातून एवढंच आलं: "तुलना करावी लागेल."

*

तुलना (फ्रिजवर चिकटवलेली, मामांच्या हस्ताक्षरात)

स्कूटर. चाक लहान, खड्ड्यात अख्खं उतरतं. सीट बुटकी, पाय जमिनीला टेकतात, हे चांगलं. दोन्ही ब्रेक हातात, हेही चांगलं. पण घाबरला की माणूस मूठ पिळतो, आणि गाडी सुटते ती समोरच्या दुकानातच थांबते. पेशंट सांगतात.

गिअर. चाक मोठं, खड्डा ओलांडून जातं. टाकी गुडघ्यांत धरता येते. पण डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर, उजव्या पायाला ब्रेक: एवढी कामं एका माणसाला? पडली की नेमकी पायावर बसते. मागची सीट उंच. तिथून खाली बघवत नसणार.

निष्कर्ष. पायी.

(त्याखाली लेकीच्या अक्षरात: बाबा, जरा तरी लाज बाळगा.)

*

शनिवारी लेक कामावरून आली तर गॅलरीतल्या दोरीवर एक पांढराफटक हात, दोन मांड्या, नाकासकट एक मुखवटा आणि एक पोट. पोट ओळखीचं होतं.

"बाबा, तुम्ही स्वतःला वाळत का घातलंय?"

"प्रयोग आहे," मामा म्हणाले. मुदत संपलेल्या पट्ट्या होत्या दवाखान्यात, फेकून देणार होते. मामांनी स्वतःच्याच अंगावर गुंडाळल्या, वाळल्या तशा करवतीनं काढल्या, आणि आता ते तुकडे जोडून आपल्या मापाचा एक पोकळ माणूस करणार होते. तो आधी बसेल. कुठं तडा जातो ते बघायचं, मग ठरवायचं. "माझ्या जागी हा."

"लग्नालाही हाच उभा करा. तुमच्यापेक्षा धीट दिसतोय." असं म्हणून लेकीनं मार्कर आणला आणि त्याला मिशी काढली.

*

रविवार. ट्रेनिंग स्कूलचं मैदान. भिंतीवर शिकाऊ मंडळी ओळीनं बसलेली. आज धड्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं, कारण बाईंच्या मागे पांढरा नवरा पट्ट्यानं बांधलेला होता.

फेरी पहिली, स्कूटर. बाईंनी मुद्दाम खड्डा गाठला. ठणकन आवाज. बैठकीला केसाएवढा तडा.

"मी सांगत होतो!" मामांनी स्वतःचीच बैठक चाचपली.

फेरी दुसरी, मोटरसायकल. तोच खड्डा, नवऱ्याला पत्ताही लागला नाही. मग बाईंनी करकचून ब्रेक मारला. नवरा पुढे झुकला आणि बाईंच्या पाठीवर आपटून त्याचं नाक गेलं.

"बाई, त्यांनी तुमचा मुका घेतला!" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं.

"लायसन्स हवंय ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं. अख्खी भिंत हेल्मेटचे पट्टे तपासू लागली.

एक तडा, एक नाक. निकाल बरोबरीचा. मामा पुढे झाले, पट्टा सोडला, आपलं ध्यान मोठ्या मायेनं उचललं, दोन पावलं मागे आले आणि तिथं असलेल्या बादलीला अडखळले. नवरा जमिनीवर. चौदा तुकडे.

गाडी बंद होती. गाडी उभी होती. गाडीला कुणी हातही लावला नव्हता.

हसून हसून दोन शिकाऊ भिंतीवरून खाली उतरले, म्हणजे घसरलेच. लेक जमिनीवर बसून डोळे पुसत होती. मामा एकटे गंभीर होते. चौदा तुकड्यांकडे बघत ते म्हणाले, "ह्याची रेघ कुठल्या रकान्यात मारू?"

बाई हसायच्या थांबल्या. "मामा, उद्या ते दार दाखवा मला नीट."

*

सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, बाईंनी कपाटाचं दार सताड उघडलं.

"किती आहेत?"

"दोन हजार त्रेचाळीस. स्कूटर पुढे आहे."

"आणि जे पडलेच नाहीत त्यांचा रकाना कुठाय?"

मामांनी दार आतून बघितलं, बाहेरून बघितलं. "ते इथं कसे येतील? ते घरी जातात ना."

"मग चला, त्यांना भेटून येऊ."

बाईंनी त्यांना दवाखान्यासमोरच्या चौकात नेलं, टपरीच्या बाकावर बसवलं आणि हातात वही दिली. मामा रेघा मारू लागले. स्कूटर. स्कूटर. गिअर. स्कूटर, मागे आजी, आजीच्या मांडीवर कुंडी. गिअर, दोन भाऊ, भांडतायत. स्कूटर, पायाशी गॅसचा सिलेंडर ("अहो, हा तरी पडणार!" नाही पडला). मामांची पेन्सिल पळू लागली, कान लाल झाले. सोळा वर्षं ते माणसांना मोडल्यावरच भेटत आले होते. आणि इथं ही सगळी धडधाकट, नडगीला नडगी जुळलेली, शिट्ट्या मारत, भाज्या घेऊन, केस उडवत चाललेली! प्रत्येक जण गेला की मामांना टाळी वाजवावीशी वाटे. विसाव्या मिनिटाला त्यांनी ती वाजवलीच.

एका तासात स्कूटर तीनशे बारा, गिअर दोनशे सत्तर. पडले: शून्य. एकीची चप्पल पडली, ती थांबून घेऊन गेली.

"म्हणजे तुलना काय झाली?" बाईंनी विचारलं.

"नीटशी नाही झाली," मामा म्हणाले. त्यांना घाम आला होता आणि ते हसत होते. "पण मला जरा भूक लागलीय."

*

मंगळवार, अकरा वाजून पाच मिनिटं. फाटकाबाहेर दोन्ही गाड्या पुसून उभ्या. मामा खाली आले: हेल्मेट, गुडघ्यांना जाड पट्ट्या, कोपरांना पट्ट्या. लेकीनं तोंड फिरवलं, खांदे मात्र हलत होते.

मामांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली. मागे धरायला चांगली जाड दांडी होती. मोटरसायकलभोवती दुसरी फेरी मारली. तिथं दांडी नव्हती. धरायचं तर चालवणाऱ्यालाच धरावं लागणार होतं.

"गिअर," मामा म्हणाले.

"कारण?" लेकीनं विचारलं.

"चाक मोठं आहे."

"हो का! चाक?"

"सतरा इंच. तू घरात जा बघू."

पहिल्या वळणापर्यंत मामांचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या वळणावर बाई ओरडल्या, "मामा, श्वास घेऊ द्या मला!" मामांनी मिठी तसूभर सैल केली आणि एक डोळा उघडला. चौक आला. टपरीवाल्यानं हात केला. मामांनी हात सोडून हात करायची हिंमत केली नाही, पण ओरडले, "दोनशे एकाहत्तर!"

मग पुढचा सगळा रस्ता ते ओरडतच गेले. बाजूनं जाणाऱ्या प्रत्येकाला. "सांभाळून जा! छान चाललंय!"

खिडकी क्रमांक तीनवरच्या बाईंनी पट्ट्या बांधलेल्या, थरथरणाऱ्या, हेल्मेट काढायचं विसरलेल्या नवरदेवाकडे नीट पाहिलं आणि चष्मा वर सरकवत विचारलं, "तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही ना?"

"आहे," मामा हेल्मेटच्या आतून म्हणाले. "घरी गेल्यावर स्कूटरवरही बसवा म्हणावं. तुलना अर्धी राहिलीय."

*

मास्तरीणबाईंचं मनगट मोडलं होतं स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडून. दवाखान्यात त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणलं होतं आठवड्यापूर्वीच लायसन्स मिळालेल्या त्यांच्या एका विद्यार्थिनीनं.