रेंबेर्तोचा उसना आवाज

घसा बसला आणि रेंबेर्तोचा धीरच सुटला. सांता क्लाराच्या चिरूट कारखान्यात उंच खुर्चीवर, माइकपुढे बसून वाचण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. खाली माणसं तंबाखूची पानं वळायची आणि ऐकायची. वाचणारा निवडायचा त्यांनीच, आणि आवाज गेला की उतरवायचाही त्यांनीच.

या खेपेला त्यांनी मागितल्या जुन्या, बक्षीस मिळवलेल्या विज्ञानकथा. आली का पंचाईत! बसक्या घशाने एवढ्या लांब गोष्टी वाचायच्या कशा? भाचीने कुठून कुठून शोधून, रेडिओवरच्या एका नटाने वाचलेल्या त्याच कथांचं रेकॉर्डिंग आणून दिलं. घरी ऐकायला हो! या पठ्ठ्याने ते थेट लाउडस्पीकरला जोडलं, पुढ्यात पुस्तक धरलं आणि नुसते ओठ हलवत बसला.

मंगळावर एकटाच दिवा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट होती. पहिला भाग संपला तशा सगळ्यांनी पानं कापायच्या सुऱ्या फळ्यांवर ठोकल्या. ही तिथली शाबासकी. नावडलं तर त्याच सुऱ्या जमिनीवर आपटतात.

“औषध लागू पडलं म्हणायचं!” पहिल्या रांगेतली म्हातारी एनेइदा ओरडली.

रेंबेर्तोला लाज वाटली, पण खुर्चीही सुटेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हाताऱ्याला न्यायला यान येणार, तेवढ्यात वीज गेली. आवाज वाक्यातच तुटला आणि याचे ओठ आपले हलतायत! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. आता सुऱ्या पडणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. एकही पडली नाही.

“अरे, वाच की पुढे,” एनेइदा म्हणाली.

“तुम्हाला... कळलं होतं?”

“कालच! बोट चाटून, खाकरून घेतल्याशिवाय तू कधी पान उलटलंयस का रे? म्हटलं, घसा बरा होईस्तोवर ठोकू या सुऱ्या. आपलाच माणूस आहे.”

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं वाटलं त्याला. तो फाटक्या आवाजात वाचू लागला. माइक बंद, आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना. तेव्हा वळलेल्या नगावर मजुरी मिळवणाऱ्या त्या माणसांनी हातातलं काम खाली ठेवलं, स्टुलं उचलली आणि खुर्चीभोवती येऊन बसली.

यान मंगळावर उतरलं, गोष्ट संपली, सुऱ्या फळ्यांवर वाजल्या. रेंबेर्तोने पुस्तकातून मान वर काढली नाही.