मोहरीएवढा बुडबुडा

"पुढच्या गुरुवारी नक्की," घड्याळमामा म्हणाला आणि त्यानं उजवा हात पँटच्या खिशात आणखी खोल सारला.

"मागच्या गुरुवारीही नक्कीच होतं," मास्तर म्हणाले.

"पार्ट यायचाय, मास्तर. जुनं चावीचं घड्याळ. पार्ट सहज मिळत नाहीत."

"आठ महिने झाले. आणखी एक गेला की घड्याळ नाही, बाळच हातात देशील तू माझ्या." मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "शाळेतसुद्धा वही विसरलास की अस्साच खिशात हात घालून उभा राहायचास."

घड्याळमामा हसला. मास्तर काठी टेकत गेले तेव्हाच त्याचं हसू उतरलं आणि हात खिशातून बाहेर आला.

पार्ट-बिर्ट कुठलाच यायचा नव्हता. मास्तरांचं घड्याळ खालच्या खणात मलमलीत गुंडाळून पडलं होतं, आणि सुट्टे भाग सगळेच्या सगळे दुकानात हजर होते. हजर नव्हता तो घड्याळमामाचा हात. गेल्या वर्षापासून त्याला एक खोड लागली होती. एरवी शहाण्यासारखा वागायचा. चहाचा कप धरायचा, शटर उचलायचा. पण चिमटा धरला रे धरला की अंगठा आणि पहिलं बोट अशी काही थरथरायची, जणू त्या दोघांना कुणी गुदगुल्या करतंय. अलीकडं तर नुसतं कुणी हाताकडं बघितलं तरी सुरू व्हायची. डॉक्टर म्हणाले होते, "जिवाला काही धोका नाही, काहींना वयाबरोबर होतं." जिवाला नसेल. पण ज्या माणसानं छत्तीस वर्षं केसाहून बारीक स्प्रिंगा बसवल्या, त्याच्या जिवात दुसरं होतं काय?

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. नवीन सेल घाल, पट्टा बदल, भिंतीवरचं घड्याळ पूस, एवढंच काम तो पुढच्या काउंटरवर करायचा. पडद्यामागचं खरं टेबल, ज्यावर दिवा, भिंगं आणि काचेच्या वाट्या होत्या, ते आठ महिने पडून होतं. आणि गिऱ्हाइकाशी बोलताना हात खिशात. गल्लीतले म्हणायचे, मामा आता साहेब झाला.

तसा तो फक्त एका मुलीचा मामा. पण भाची, जिला सगळे भिंगरी म्हणायचे, लहानपणी गल्लीभर "मामा, मामा" करत अशी फिरायची की सगळी गल्लीच त्याला मामा म्हणायला लागली. साठीतले लोकसुद्धा. भिंगरी आता दहावीत होती, उंच झाली होती, पण नाव बदलायचं काही कारण तिनं कुणाला दिलं नव्हतं.

त्या सकाळी मास्तरांचं ते "खिशात हात" त्याला फार लागलं. काउंटरवर त्याला बसवेना. तो उठला, पडदा सारला आणि कितीतरी दिवसांनी मागच्या खुर्चीत बसला. उगाच. खुर्चीला आठवण करून द्यायला.

आणि त्याला काचेच्या वाटीखाली झाकलेलं घड्याळ दिसलं.

ताईचं घड्याळ. त्याच्या थोरल्या बहिणीचं, भिंगरीच्या आईचं. सेलवर चालणारं, अगदी साधं, कुठल्याही दुकानात टांगलेलं असतं तसं. बारा वाजताच्या जागी ओरखडा होता तो पलंगाच्या दांडीचा, कारण ताई दवाखान्यात नर्स होती. त्यानं घड्याळ उचललं आणि दिव्याखाली धरलं.

घड्याळ तेलानं भरलं होतं. काठोकाठ.

घड्याळात तेल म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल तेवढं. त्याहून जास्त म्हणजे घात. हे त्यानं भिंगरीला इतक्यांदा सांगितलं होतं की ती झोपेतही म्हणाली असती. आणि इथं तबकडी, काटे, मशीन, सगळं तेलात पोहत होतं. त्यातून सेकंदकाटा अजून फिरत होता. शेवटचे आचके देत असेल बिचारा, असं त्याला वाटलं.

काय झालं असेल ते त्यानं क्षणात ओळखलं. निदान त्याला तसं वाटलं. कार्टीनं आईचं घड्याळ घेतलं, काहीतरी उचापत करताना तेलाची बाटली सांडली, घाबरली, आणि जिथं मामा कधी बसत नाही तिथं लपवून शाळेत पळाली. आता दुपारी ताई ड्यूटीला निघणार, घड्याळ शोधणार, आणि पोरीची सालटी काढणार.

"बरं," घड्याळमामा रिकाम्या दुकानाला म्हणाला. "बघू."

त्यानं बाहेर 'लवकरच येतो' ची पाटी लावली आणि भिंग डोळ्याला चढवलं.

पुढचे अडीच तास कसे गेले ते त्याला विचारू नका. मागचं झाकण त्यानं सहज काढलं, तेल ओतून टाकलं. पण काटे उचलताना हात सुरू झाला. सेकंदकाटा उडाला तो थेट त्याच्या बाहीवर जाऊन बसला. मग त्यानं डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट गच्च धरलं, शाळेतल्या भांडखोर पोराला धरतात तसं, श्वास रोखला, आणि एकेक काम केलं. स्पिरिट, मलमल, रबरी फुंकणी. पुन्हा स्पिरिट. खाचेतला, दातातला तेलाचा थेंबन् थेंब काढला. घाम नाकावरून ओघळत होता. साडेबारा वाजता त्यानं झाकण दाबलं तेव्हा घड्याळ कोरडं ठणठणीत, नव्यासारखं टिकटिक करत होतं. आठ महिन्यांतलं त्याचं पहिलं खरं काम. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की त्यानं स्वतःसाठी आलं घालून चहा केला.

चहाचा पहिला घोट घेतोय तोच भिंगरी शाळेच्या दप्तरासकट आत घुसली.

"मामा, तू मागं बसलायस? मग पाहिलंस ना? सांग, पाहिलंस ना?"

"पाहिलं. आणि काळजी करू नकोस." त्यानं घड्याळ तिच्यापुढं ठेवलं. "आईला कळणारही नाही. सगळं तेल काढलं."

भिंगरीनं घड्याळ उचललं. एकदा हलवलं. मग ती जी खाली बसली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून.

"आठ दिवस, मामा," ती म्हणाली. "आठ दिवस लागले मला ते तेल भरायला."

"भरायला?"

मग हुंदक्यांमधून सगळं बाहेर आलं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला काचेवरची चमक सहन होत नव्हती. वॉर्डात डोक्यावर ट्यूबलाइट. पेशंटची नाडी धरायची, घड्याळाकडं बघायचं, तर काचेत नुसता उजेडाचा पट्टा. मनगट वळवून सेकंदकाटा शोधेपर्यंत आकडा चुकायचा. दोन-तीन घड्याळं बदलून पाहिली, सगळी तसलीच. दोनदा चुकली. आता आज दुपारी इन्चार्ज सिस्टर शेजारी उभी राहून ताडून बघणार होती. पुन्हा चूक झाली तर बावीस वर्षांचा वॉर्ड सुटणार आणि आई चादरी मोजायच्या खोलीत जाणार.

"चमक नुसती काचेच्या बाहेरून नाही येत, आत काच हवेला लागते तिथूनही येते," भिंगरी नाक पुसत म्हणाली. रडताना शिकवायची सवय तिला होतीच. "आत हवाच नसली, तेल असलं, तर काच आणि तबकडी एकच होतात. कुठूनही तिरकं बघितलं तरी काटे दिसतात. सेलच्या घड्याळाला तेलाचं काही होत नाही, फक्त पातळ सिलिकॉनचं पाहिजे. मैत्रिणीचा भाऊ रिमोटच्या गाड्यांमध्ये घालतो, त्याच्याकडून आणलं. तुझ्या भंगारच्या डब्यातली पाच घड्याळं बिघडवली आधी. काल आईची सुट्टी होती म्हणून तिचं घेतलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाला असतास, टाचणीच्या टोकाएवढं."

ते खरंच होतं. घड्याळमामानं कप खाली ठेवला. एक वाजायला आला होता. ताई दीडला दुकानावरून जायची.

"तेल उरलंय?"

"अर्धी बाटली. पण माझ्याच्यानं आता नाही होणार. बघ." तिनं हात पुढं केला. रडून रडून तो पानासारखा हलत होता. "झाकणाखालची ती रबरी रिंग तेलाच्या आत खाचेत बसवावी लागते. मला तीन दिवस लागले त्यालाच."

घड्याळमामानं तिच्या हाताकडं पाहिलं. मग स्वतःच्या. मग खो खो हसला, कारण दुसरं काय करणार. दोन माणसं आणि चार हातांत एकही भरवशाचा नाही.

"तू वाटी धर," तो म्हणाला.

त्यानं तेल वाटीत ओतलं आणि वाटी दिव्याखाली कोमट होऊ दिली. भिंगरीनं असं केलं नव्हतं. कोमट तेल सैल झालं, आणि झाकण काढून घड्याळ आत सोडल्यावर बुडबुडे भराभरा वर यायला लागले, शाळा सुटल्यासारखे. तो घड्याळाला बोटानं टिचक्या मारत राहिला, एका अंगावर, दुसऱ्या अंगावर. मग रिंग चिमट्यात धरली, मनगट वाटीच्या काठावर टेकवलं आणि चिमटा तेलात घातला. अंगठा थरथरला. पण थरथर चिमट्याच्या टोकापर्यंत पोहोचलीच नाही. तेलात घाई करता येत नाही. जे काही जायचं ते हळूहळू, वजनदार चालीनं. तेलानं त्याचा हात धरला होता.

रिंग पहिल्या फटक्यात खाचेत बसली.

 

झाकण दाबून त्यानं घड्याळ बाहेर काढलं, पुसलं, गार व्हायला ठेवलं. थोड्या वेळानं तबकडीच्या काठाशी एक बारीक बुडबुडा दिसायला लागला, मोहरीएवढा.

"राहिला," भिंगरी कळवळून म्हणाली. "मी शेवटचासुद्धा घालवला होता."

"थंड तेलात?"

"हो."

"मग पहिल्या कडक उन्हात तेल फुगलं असतं आणि तुझ्या आईची काच वॉर्डभर उडाली असती. तेलाला हातपाय पसरायला जागा लागते. मी गरम असताना बंद केलं, गार होताना ते आकसलं, जागा आपोआप झाली." त्यानं चहाचा थंड घोट घेतला. "पुसून टाकलं ते बरंच केलं मी."

"माहीत नसताना केलंस."

"केलं ना पण?"

दीड वाजता ताई दारात उभी. "माझं घड्याळ कुणी पाहिलंय का? घरभर शोधलं. आज नेमकं..."

भिंगरीनं ते तिच्या मनगटावर बांधलं. ताईनं आधी सवयीनं मनगट वळवलं, मग थांबली. हात खाली नेला, वर नेला, ट्यूबलाइटच्या अगदी खाली धरला. काटे काचेच्या वरच छापल्यासारखे दिसत होते. सेकंदकाटा निवांत चालला होता.

"हे काय केलंत तुम्ही?"

"मामानं केलं," भिंगरी म्हणाली.

"हिनं," घड्याळमामा म्हणाला.

"बघू. दे हात." ताईनं बोटं पुढं केली. त्यानं डावा हात दिला.

"उजवा दे."

"कुठलाही चालतो की."

"उजवा."

त्यानं दिला. तिनं तीन बोटं नाडीवर ठेवली, घड्याळाकडं नुसतं तिरकं पाहिलं, आणि ओठ हलवत मोजत राहिली. पूर्ण एक मिनिट. मान वळली नाही, मनगट वळलं नाही.

"अठ्ठ्याऐंशी," ती म्हणाली. "घाबरलायस." पण हात सोडला नाही. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बावीस वर्षं लोकांचे हात धरतेय मी."

घड्याळमामा तिच्या मनगटावरच्या मोहरीएवढ्या बुडबुड्याकडं बघत राहिला. "झाले आठ महिने."

"वेडा आहेस," ती म्हणाली. "आम्ही काय हसणार होतो का तुला?" मग तिनं हात सोडला, पर्स सावरली आणि निघाली, कारण दोनची ड्यूटी कुणासाठी थांबत नाही. तो बराच वेळ त्याच हाताकडं बघत बसला. हलका वाटत होता, जड पिशवी खाली ठेवल्यावर वाटतो तसा.

संध्याकाळी भिंगरी धावत आली. "आईचा फोन आला. चौदा पेशंट. चौदाही आकडे बरोबर. इन्चार्ज सिस्टर विचारतेय, माझंही भरून द्याल का? आई म्हणाली, रांग लागणार आता."

"टाचणीच्या टोकाएवढं तेल घालणारा माणूस मी," घड्याळमामा म्हणाला. "बाटल्या आणाव्या लागतील."

पुढच्या गुरुवारी मास्तर आले. ते काही म्हणायच्या आत त्यानं खण उघडला आणि मलमलीची गुंडाळी त्यांच्यापुढं ठेवली.

"झालं?" मास्तरांचा विश्वास बसेना.

"नाही. माझ्याच्यानं होणार नाही, मास्तर. पार्ट नाही, हातच अडून बसलाय. नाक्यापलीकडं एक बाई आहे, माझ्याहून बारीक काम करते. चिठ्ठी लिहून दिलीय आत."

मास्तरांनी गुंडाळी उचलली नाही. त्याच्याकडं पाहत राहिले.

घड्याळमामानं खिशातून उजवा हात काढला आणि काउंटरच्या काचेवर, उजेडात, सगळ्यांदेखत ठेवला. बोटातली अंगठी काचेवर हलकेच वाजत होती. टिक, टिक, टिक. मास्तर वाकले, आणि घड्याळ कानाशी धरून ऐकतात तसे ऐकत राहिले.