दोन बोटं वर

मित्रांनो, मी लेवलची नळी आहे. डोमा मिस्त्रीच्या पोत्यात, थापीच्या खाली वेटोळं करून पडलेली, पिवळी पडलेली आणि दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेली. मला म्हातारी म्हटलंत तरी चालेल, पण पाईप म्हणू नका. पाईप पाणी वाहून नेतो. मी पाणी उभं करते.

माझं काम सोपं आहे. माझ्यात पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला धरायचं आणि दुसरं त्या भिंतीला. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला थांबतं. तिथं पेन्सिलीनं रेघ मारली की दोन्हीकडची उंची सारखी. फक्त पोटात हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की मी खोटं बोलते, आणि तेही अगदी छातीठोकपणे.

पवनीच्या हार्डवेअरच्या दुकानातून डोमानं माझी चाळीस फूट लांबी कापून घेतली, तेव्हा मी काचेसारखी स्वच्छ होते. तेव्हापासून किती शाळांच्या खोल्या मापल्या, किती दुकानांच्या गच्च्या. एक टोक डोमा धरायचा, दुसरं त्याची बायको तुळसा. "माणसं काय, काहीबी बोलतेत. हिचं पाणी बरोबर बोलते," असं तो चारचौघांत म्हणायचा. मला फार बरं वाटायचं. काम संपलं की मात्र तोच मला उन्हात फेकून जेवायला बसायचा. असो.

तर मंदाबाईंच्या घराची गोष्ट. पवनीच्या कडेला त्यांची जागा होती. तिच्यावर तिन्ही लेकरांसाठी एकाला एक लागून तीन घरं बांधायची ठरली, प्रत्येक घर तीन मजल्यांचं. थोरला तुलाराम, मधला मनिष आणि धाकटी टीना. मंदाबाईंनी जागा दिली, पण एका अटीवर.

"तिन्ही घरापुढं एकच सलग ओटा पायजे," त्या डोमाला म्हणाल्या. "मले या दारातून त्या दारात पाय न उचलता जाता आलं पायजे."

अट उगीच नव्हती. आदल्या वर्षी जुन्या घराच्या दोन बोटं उंच उंबरठ्याला अडखळून त्या पडल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून त्या चाकांचा वॉकर ढकलत चालत आणि उजवा पाय मागून घासत येई. पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जोत्याचं काम सुरू झालं आणि पहिल्याच सोमवारी तुलाराम एकटा आला.

"मिस्त्री, माह्या घराचं जोतं दोन बोटं वर घ्या. मी मोठा आहो. कोणाले दिसू नये, पण असलं पायजे."

मंगळवारी मनिष आला. "मी मधात हावो जी. दोन्हीकडचं पाणी माह्याच घरात शिरन. अन् पूर आला त? दोन बोटं वर घ्या, पण कोणाले सांगू नका." ती जागा इतकी उंचावर होती, की पूर तिथं पोचण्याआधी अर्धी पवनी बुडाली असती. मग दोन बोटांनी काय वाचणार होतं?

बुधवारी टीना आली. "डोमाभाऊ, मी लेक आहो म्हणून माह्यं घर खाली ठेवलं, असं लोक म्हणतीन. दोन बोटं वर घ्या ना."

डोमाच्या पोत्यात सगळी हत्यारं होती, फक्त 'नाही' नव्हतं. तो तिघांनाही "हो जी" म्हणाला.

तुळसा चिडली. "काहून हो म्हणून राहिले सगळ्याइले? एकाचं वर गेलं अन् म्हातारी पडली त मंग?"

"म्हणूनच त तिन्ही वर घेऊन राहिलो," डोमा म्हणाला.

कोणीही दोन बोटं मागायला आलं, की डोमा तिन्ही जोती दोन-दोन बोटं चढवायचा आणि मला लावून सारखी करायचा. मागणारा खूश, ओटा सपाट. घर उंच होतंय हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण प्रत्येकाला वाटायचं, बाकीच्यांनी आपलं पाहून वर घेतलं असेल. मग तो पुन्हा यायचा, पुन्हा दोन बोटं मागायचा. तिघंही चार-चारदा आले. चोवीस बोटं झाली. मित्रांनो, चोवीस बोटं म्हणजे पुरा एक हात.

तुलारामला तरी शंका होतीच. एके दिवशी डोमा जेवायला बसलेला पाहून त्यानं स्वतःच मला ड्रममध्ये बुचकळलं आणि घाईघाईनं भिंतीला लावलं. माझ्या पोटात हा एवढा बुडबुडा. पाणी सरकलं आणि मी त्याचं घर बरोबर दोन बोटं वर दाखवलं. तो शीळ घालत घरी गेला. डोमानं बुडबुडा पाहिला होता, पण भाकरीचा घास काही खाली ठेवला नाही. आयुष्यात मी एवढं एकच खोटं बोलले, आणि नेमकी त्यालाच कोणी नावं ठेवली नाहीत.

खांब उभे राहिले, एकामागून एक तीन स्लॅब पडले. स्लॅबच्या जेवणात तिन्ही भावंडं डोमाच्या ताटात एकमेकांना चोरून जास्तीची जिलबी वाढायची. बिचाऱ्याचं पोट बिघडलं.

शेवटी ओट्याला फरशी बसली आणि मंदाबाई ऑटोनं घर बघायला आल्या. नकाशात वीतभर उंच ओटा आणि छोटासा उतार होता. आता त्यांच्यासमोर चार पायऱ्या होत्या.

"पूर येते ना माय," मनिष म्हणाला.

दोघा भावांनी त्यांना खुर्चीवर बसवून वर उचललं. मंदाबाईंनी वॉकर धरला आणि पहिल्या दारापासून निघाल्या. चाकं कुरकुरत होती, मागून पाय घासत येत होता. तुलारामच्या घराची हद्द आली तसा त्याचा चेहरा पडला.

"माय, इथं जरा जपून. खाली उतार हाये."

"कुठं?" म्हणत त्या सरळ पुढे गेल्या. मनिषचं घर संपत आलं, तसा तो धावत पुढे झाला. "माय, थांब, मी हात धरतो." पलीकडून टीना ओरडली, "माय, पाय उचल. माह्यं थोडं वर हाये."

मंदाबाई थांबल्या. त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. जन्मभर धानाच्या शेतात बांधीबांधीतून पाणी सारखं उभं करणारी बाई ती, तिला काय सांगायचं?

"डोमा, तुही नळी आण," त्या म्हणाल्या. "बुडबुडा काढून आण."

तुळसानं मला टिचक्या मारून शेवटचा बुडबुडा हाकलला. एक टोक तुलारामच्या दाराशी धरलं, दुसरं टीनाच्या. मग मनिषच्या. पाणी केसभरही हललं नाही.

"मंग माहे दोन बोटं कुठं गेले?" तुलाराम म्हणाला.

"तुहे?" मनिष म्हणाला. "ते त माहे होते."

टीना डोमाकडे बघत राहिली. डोमानं सगळं सांगून टाकलं. मग तिघांनी माझी टोकं आपापल्याकडे ओढून पुन्हा मापायला घेतलं आणि त्या ओढाताणीत माझं एक टोक टरकन फाटलं. मला फार लागलं. पण मंदाबाई बोलल्या ते जास्त लागलं, आणि मला एकटीलाच नाही.

"उंबरठा मले दिसत होता, तरी मी पडली. हे दोन बोटं त तुम्ही दिसू नये म्हणूनच मांगले होते."

तुलारामनं खाली बसून आईच्या पायावरची सिमेंटची धूळ पुसली.

"आता जेवढं चढवलं, तेवढं मले हळूहळू उतरवून द्या," त्या म्हणाल्या.

डोमानं उताराचं माप काढलं. अठरा हात लांब. त्या उतारात तुलारामच्या गाडीची, मनिषच्या बुलेटची आणि टीनाच्या स्कूटीची जागा गेली. तिन्ही वाहनं आता रस्त्यावर उभी असतात, अगदी एका पातळीत.

माझं फाटलेलं टोक डोमानं कापलं. मला वाटलं, आता तो तुकडा उकिरड्यावर. पण त्यानं त्याचे दोन भाग केले आणि मंदाबाईंच्या वॉकरच्या दांड्यांवर चढवले, हात घसरू नये म्हणून. मी थोडी आखूड झाले, पण माझा तो तुकडा रोज संध्याकाळी तिन्ही दारांवरून फिरून येतो.

मित्रांनो, तुमच्या घरी गवंडी आला, तर माझ्यासारख्या नळीला उन्हात टाकू देऊ नका. उन्हानं आम्ही कडक होतो आणि चिरतो. सावलीत खिळ्याला टांगा. आणि मोजायला घ्याल तेव्हा आधी बुडबुडा काढा. तो काढायला वेळ लागत नाही, दोन टिचक्या पुरतात. डोमानं पहिल्याच सोमवारी 'नाही' म्हणत तशाच दोन मारल्या असत्या, तर मंदाबाईंना अठरा हात चालावं लागलं नसतं.