पाटीवरची पाकोळी

अपूर्वा मॅडम नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि सुट्टी लागली की राजूरच्या वरच्या डोंगरात, एका गुहेतली घरटी मोजायला जात. घरटी पाकोळ्यांची. चिमणीहून लहान, काळपट पाखरू. पाय इतके लेचेपेचे की फांदीवर बसणं जमत नाही. दिवसभर हवेतच किडे टिपायचे आणि गुहेच्या अंधारात टिकटिक करत, त्याच आवाजाच्या पडसादावर घर शोधायचं. घरटं म्हणजे थुंकीने कातळाला चिकटवलेली शेवाळाची अर्धी वाटी. मागल्या वर्षी अशा एकशेबारा वाट्या मोजल्या होत्या.

हौशी पर्यटक आत शिरून बॅटऱ्या मारतात, म्हणून मॅडमनी मार्चमध्ये गुहेपाशी पाटी ठोकली : ‘आत पाकोळ्यांची वस्ती आहे. प्रवेश करू नये.’ शब्द पुस्तकातला, अगदी बिनचूक. डोंगराखालच्या वाडीत कुणाला विचारून घ्यावं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. शिकलेल्या माणसांची ही खोड काही जात नाही.

मेमध्ये त्या पुन्हा आल्या, तर गुहेच्या तोंडाशी राख. आत टिकटिक नव्हती. वाट्या जागच्या जागी होत्या, काळ्या पडलेल्या. पिल्लं काठाला नख्या रोवून तशीच लटकलेली. मॅडमनी सवयीने वही काढली आणि मोजायला लागल्या. एकोणतीसनंतर हात थांबला. आता रडू येईल म्हणून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. काहीच आलं नाही.

खाली वाडीत राहीबाईंनी चहा टाकला. गुहा पहिल्यांदा त्यांनीच दाखवली होती. आज त्या भलत्याच खुशीत होत्या.

“तुमची पाटी वाचली आन् समदी हादरली, म्याडम. पाकोळ्या म्हंजी रोगराई. पोरांना तापबी आल्ता. मंग वला पाला आन् मिरच्या पेटवल्या, दोन दिस तोंडाला ताडपत्री लावली. आत कोन जातंय बघाया!”

वाडीत पाकोळी म्हणजे वटवाघूळ. मॅडमना ते आत्ता कळलं, आणि कळूनही कुठे काही हललं नाही. चहा गरम आहे की गार, तेही समजत नव्हतं.

“पण आत पाखरं असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“व्हय, भिंगऱ्या. जल्मभर म्या भिंगऱ्याच बघितल्या. पन तुमी लिव्हलं पाकोळ्या. म्हनलं, आपलीच नजर चुकली असंल, भिंगऱ्या गेल्या असतील सोडून. चुकलं का आमचं?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मंग झालं तर. फुडल्या सालीबी येळेवर धूर देऊ.”

मॅडमनी कप खाली ठेवला. “नका देऊ. वटवाघळं नव्हतीच, राहीबाई. तुमच्या भिंगरीलाच पुस्तकात पाकोळी म्हणतात. मी ते तसंच लिहिलं. चूक माझी आहे.”

राहीबाई चुलीपुढून उठल्या आणि पुन्हा तिथेच बसल्या.

“मंग आत भिंगऱ्याच हुत्या?”

“पिल्लं होती,” मॅडम म्हणाल्या.