मागाहून घेतलेली मापं

तिने म्हणायचं ठरवलं होतं: "मामा, तुम्ही आता मापं घेऊ नका."

म्हणाली: "मामा, चहा घेणार?"

दोन वर्षं हेच.

दुकान बुटांचं, पण सरसकट बुटांचं नव्हे. एक पाय आखूड, टाच वाकडी, अपघातात बोटं गेलेली, अशा पायांचं. मामा कागदावर पाऊल ठेवून घ्यायचे, भोवती पेन्सिल फिरवायचे, आकडे लिहायचे. त्यावरून कारागीर बूट शिवायचा. एका सुताचा फरक पडला तरी माणूस लंगडणार.

मालकीण ती, पण तिच्या हातात पहिली पेन्सिल दिली मामांनी. म्हणून त्यांची रेघ पहिल्यांदा अंगठा सोडून लांबून गेली, तेव्हा तिने गिऱ्हाइकाला फोन केला. "माफ करा, कागद हरवला. दुपारी मामा जेवायला जातात, तेव्हा या ना." माप पुन्हा घेतलं. मामांचा कागद फाडून टाकला. मग तीच रीत पडली. बाजारात बोभाटा झाला: काम एक नंबर, पण कागद सांभाळायची अक्कल नाही.

कारागीर तिला तोंडावर उद्याबाई म्हणायचा.

"काय उद्याबाई, आज बोलणार?"

"आज त्यांचा मूड बरा नाही."

"काल बरा होता, तर म्हणालात, कशाला घालवायचा."

मंगळवार. खुर्चीत एक बाई, पाय कागदावर. मामांची पेन्सिल कागद सोडून फरशीवर उतरली आणि ते फरशीवरच रेघ ओढत राहिले. मन लावून. बाई तिच्याकडे बघायला लागल्या.

चहाचं नाव तिच्या ओठांवर आलंच होतं.

"बाई, जरा बाहेर बसता?" मग दार लोटून, एका दमात: "मामा, तुम्हाला दिसत नाहीये. मापं चुकतात."

मामा हसले. "वा गं! इतके जोड गेले, एक तरी परत आला?"

"मी पुन्हा घेत होते मापं. तुमच्या मागे."

"कधीपासून?"

दोन महिने झाले, असं सांगता आलं असतं.

"दोन वर्षं."

मामांनी टेबलाची कड चाचपली, मग पेन्सिल ठेवली.

"डॉक्टरांनी थेंब दिले होते तेव्हाच. म्हणाले, डोळ्यात दाब वाढतोय, दुखणार नाही, तुम्हाला कळणारही नाही. कामात चुका व्हायला लागल्या की त्याच दिवशी या. गेलेली नजर येत नाही, उरलेली वाचवू. मी रोज कारागिराला विचारायचो गं, काही परत आलं का? नाही म्हणायचा. म्हटलं, चला, डोळे ठीक आहेत."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"हो. तेवढं मात्र वाचलं."

ती रडायला लागली. मामा तिच्याकडे वळले, पण जरा चुकीच्या बाजूला.

"डोळे पूस. त्या बाई खोळंबल्यात, आत घे त्यांना. आणि माप तू घे. माझ्यासमोर."