झाकणावरचं पान

रंगारी म्हणून माझी एकतीस वर्षं गेली. गुडघे गेले, खांदा गेला, नाक तेवढं शाबूत राहिलं. रंगाचा वास गेला की खोली राहायला मोकळी, एवढी एकच गोष्ट मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आलो. माझ्या मुलीला लहानपणापासून दमा. घरात साधी खुर्ची रंगवली तरी ती दाराबाहेरून विचारायची, "बाबा, वास गेला का?" मी हो म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे.

यंदा नोकरी बदलून ती परत आमच्याकडे राहायला येणार होती. तिच्या खोलीसाठी नेहमीच्या दुकानात रंग आणायला गेलो, तर नव्या डब्याच्या झाकणावर हिरवं पान. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त न्या. निसर्गाला जपणारा रंग आहे, ह्याला वासच नाही."

खरंच नव्हता. ती येण्याच्या आदल्या दिवशी एक हात मारला, सकाळी दुसरा. भिंतीला नाक टेकवून हुंगलं, काही नाही. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडकी बंदच ठेवली होती. दुपारी ती सामान घेऊन आली आणि दारातूनच तिने नेहमीचं विचारलं.

"आलाच नाही, तर जाणार कुठून?" मी ऐटीत म्हणालो.

प्रवासाने दमली होती, दार लोटून झोपली. तासाभराने तिच्या आईने मला हाक मारली, तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते.

चार दिवस ती दवाखान्यात होती. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "वास नाही म्हणजे वाफ नाही, असं नसतं हो." त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी रिकामा डबा घेऊन दुकानात गेलो. कंपनीचा माणूस आलेला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशावर तेच पान. मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि पानावर बोट ठेवलं.

"काका, ते पान झाकणाचं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"झाकण जुन्या प्लास्टिकचं बनवलंय. खाली लिहिलंय बघा."

चष्मा लावला. मुंगीएवढ्या अक्षरांत खरंच लिहिलं होतं.

"आणि वास?"

"तो येऊ नये म्हणून वेगळं द्रव्य घालतो. लोकांच्या तक्रारी यायच्या."

इतक्या नम्रपणे बोलत होता की भांडायलाही जोर उरला नाही. डब्यात पूर्वीचंच सगळं होतं, फक्त माझं नाक त्यांनी बाद केलं होतं. मी डबा तिथेच ठेवून घरी आलो.

संध्याकाळी मुलगी दवाखान्यातून येईपर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, पंखा चालू ठेवला. ती खोलीच्या दाराशी येऊन थांबली. भिंती छान दिसत होत्या, एकही डाग नव्हता.

"बाबा, वास गेला का?" तिने सवयीने विचारलं.

मी भिंतीला नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"मला सांगता येत नाही गं," मी म्हणालो.

तिने उशी उचलली आणि आईच्या खोलीत गेली.