दिल्ली सांगणारी बाई

रात्रभर ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पाने सालेहा बीबीने उंबऱ्याशी उलगडली. पान पुरेसे मऊ झाले आहे की नाही हे ती अंगठ्याने चाचपून पाही. मग त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून कडेकडेने कात्री फिरवी. पुरेशी पाने कापून झाल्यावर तिने चूल पेटवली. तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ उचलून चुलीमागच्या मडक्यात टाकली. मडक्यावर झाकण ठेवताना मात्र तिचा हात थबकला. या मुठीला आता काही अर्थ उरला नव्हता. मोर्चा आजच होता, दिल्लीत. आणि गावातून कोणीही दिल्लीला गेलेले नव्हते.

मुर्शिदाबादच्या त्या विड्या वळणाऱ्या गावात मुठीच्या तांदळाचा रिवाज जुना होता. देशभरच्या कामगारांचा मोर्चा ठरला, की घरोघरच्या बाया रोज एक मूठ बाजूला काढत आणि त्यावर जाणाऱ्यांच्या शिदोरीची सोय होई. पण देणारीचाही हक्क असे. जाऊन आलेल्या बाईने मूठ देणाऱ्या प्रत्येक घरच्या अंगणात बसून मोर्चा सांगायचा. गावाने सालेहाला तीनदा पाठवले होते. परतल्यावर पंधरवडाभर तिला घरी जेवण रांधावे लागत नसे. ती सांगे आणि बाया सूप मांडीवर घेऊन, विड्या वळता वळता ऐकत. रेल्वेच्या डब्यात दाराशी झोपलेल्या बिहारी बाया, पहाटेच्या धुक्यातली यमुना, भाषा न कळताही आपल्या केसांतला कंगवा काढून हिला देणारी ती तामिळ बाई... एकदा सांगून भागत नसे. दुसऱ्या अंगणात तेच सांगताना ते आणखी खरे होई.

या वेळी युनियनच्या वरच्या लोकांकडून निर्णय आला होता: लांबच्या गावांनी प्रवास करू नये, आपापल्या जागी जमावे. शाळेच्या मैदानात मोठा पडदा लागणार होता आणि दिल्लीचा मोर्चा त्यावर दिसणार होता.

भात उकळत असताना युनियनची नवी सेक्रेटरी मिताली सायकलवरून उतरली. इतर बायांसारखी तीही सालेहाला बुबू, म्हणजे थोरली बहीण, म्हणे.

"बुबू, अकराला. तुमची खुर्ची पुढे ठेवलीय."

"खुर्ची कशाला? मी काय नवरी आहे?"

"दिल्ली पाहिलेल्या तुम्हीच."

"आता सगळेच पाहतील की. शेळ्यासुद्धा पाहतील."

"शेळ्यांनी वर्गणी भरलेली नाही," मिताली हसली. "आणि किरणदींचा निरोप आहे. मोर्चा झाला की सांगायला ये म्हणाल्या."

किरणबाला हालदार खुबा मोडल्यापासून खाटेवर होती. मूठ काढण्यात ती नेहमी पहिली आणि ऐकण्यात सर्वांत चिवट. तिला मोर्चा सांगणे म्हणजे वकिलासमोर साक्ष देणे.

"नातवाच्या मोबाइलवर बघा म्हणावं," सालेहा चुलीतले लाकूड मागे ओढत म्हणाली. "मी कुठं गेलेय? कोणत्या तोंडानं सांगू?"

"ते तुमचं तुम्ही सांगा. मी सांगितलं तर काठी मला बसेल."

मैदानात ऊन एवढे होते, की पडद्यावरचे काही नीट दिसत नव्हते. लोक सरकत सरकत आंब्यांच्या सावलीत गेले. बायांनी सुपे बरोबर आणली होती. आजचा माल संध्याकाळी विड्या मोजून घेणाऱ्या मुनशीकडे पोचवायचा होताच. पुढे उन्हात सालेहाची खुर्ची एकटीच उरली. संकोचून तिने ती ओढत कडेला नेली.

पडद्यावर एकामागून एक नेते बोलत होते. हिंदी सगळ्यांना समजत नव्हती, पण मान डोलत होती. एका वक्त्याने हात वर करायला सांगितले, तशा बायांनी मांडीवरची सुपे विसरून दोन्ही हात वर केले. दोरा दातांत, आणि तंबाखू खालच्या ताडपत्रीवर सांडलेली. ज्योत्स्ना पुटपुटली, "हा माणूस भरून देणार आहे का माझा जर्दा?" आजूबाजूला हशा पिकला.

"बुबू, आपल्यासारख्या बाया कुठं बसतात तिथं?" आसियाने विचारले.

"पाण्याच्या टँकरमागं. तिकडं कॅमेरा जात नाही."

सालेहा पडद्यावर तीच जागा शोधत होती. तिथे बसून तिने घामाचा, पुऱ्यांचा, नव्या कापडी झेंड्यांचा वास घेतला होता. त्या वासाची तिला इतकी ओढ लागली, की डोळे मिटावेसे वाटले. आज रात्री सगळे आपापल्या घरी जातील, सगळ्यांनी सगळे पाहिलेले असेल, आणि कोणाच्याही अंगणात तिच्यासाठी चटई पडणार नाही.

तेवढ्यात चित्र अडकले. एका नेत्याचे तोंड उघडेच राहिले. मिताली तारा हलवत इकडून तिकडे धावू लागली.

लोक उठतील असे सालेहाला वाटले. कोणी उठले नाही. आसिया शेजारणीला सांगू लागली, की मुनशीने काल तिच्या किती विड्या वाकड्या म्हणून बाजूला टाकल्या आणि मग त्याच कशा स्वतःच्या पोत्यात भरल्या. दुसरी म्हणाली, माझ्याही. तिसरीने मुनशीची नाक वर करून बोलायची नक्कल केली. बोलणे या झाडाखालून त्या झाडाखाली गेले. मग ज्योत्स्ना, नवरा जवळपास असला की जी मोठ्याने पाणीसुद्धा मागत नसे, ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली. तिचा नवरा समोरच होता.

"आता मुनशीकडे सगळ्यांनी मिळून माल न्यायचा," ती म्हणाली. "एकेकीनं गेलं की तो एकेकीला लुटतो."

नवऱ्याने आधी इतरांकडे पाहिले, मग जमिनीकडे. नंतर आसियाने घोषणा दिली आणि सावलीतून उत्तर आले. ते अडखळत आले, बेसूर आले, पण आले.

चित्र पुन्हा हलू लागले. दिल्लीचा नेता अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलू लागला. मघाशी आंब्याखाली काय झाले ते त्याला कळणार नव्हते. कोणत्याही मोबाइलवर ते दिसणार नव्हते. आणि हालदारांच्या घरी, खिडकीकडे तोंड करून पडलेल्या बाईलाही ते कोणी सांगितल्याशिवाय कळणार नव्हते.

सालेहा उठली. मितालीने हाताने विचारले, कुठे? सालेहाने हातानेच सांगितले, बस तू. सभा संपायला अवकाश होता. ती शाळेच्या मागच्या वाटेने, तळ्याच्या काठाकाठाने हालदारांच्या अंगणातून आत खाटेपाशी आली.

किरणबाला जागीच होती. "एवढ्यात? दिल्ली संपली?"

"चाललीय अजून."

"मग?"

सालेहाने कोपऱ्यातली चटई स्वतःच ओढून खाटेजवळ अंथरली, बसली, आणि पदराने चेहरा पुसून घेतला.

"आधी ऐका, कोण कुठं बसलं होतं," ती म्हणाली, आणि सांगू लागली.